शेवटचे साडेतीन किलो

शुक्रवार, १६ जानेवारी

वजन ७९.४.

डॉ. सिहाम म्हणाल्या, तोंडात जाईल ते सगळं लिहून काढ, काही लपवू नकोस. म्हणून ही वही. शाळेच्या कपाटातली आहे. सोमवारी तिच्या जागी नवी आणून ठेवायची.

आज खाल्लं: जवाच्या भाकरीचा तळहाताएवढा तुकडा, एक उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा, काकडी. आणि दोन मनुका. वर्गातल्या एका मुलीने हातावर ठेवल्या, नको म्हणवेना. पण खाल्ल्या त्या खाल्ल्याच.

हे सगळं कशासाठी, तेही एकदा लिहून ठेवते. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी बंद पडली. सोमवार, बुधवार, शनिवार ते सकाळच्या बोटीने पलीकडच्या स्फाक्स शहरात जातात, चार तास यंत्राला जोडून घेतात आणि संध्याकाळच्या बोटीने बेटावर परत येतात, पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखे. उम्मीला, माझ्या आईला, साखर आहे, तिचं मूत्रपिंड चालत नाही. मोठा भाऊ वजदी समुद्रापलीकडे मार्सेयला, कागदपत्रांशिवाय. त्याचं रक्तही जुळलं नाही. उरले मी. माझं सगळं जुळलं.

"पण तू जाड आहेस, ओमैमा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझ्या उंचीला पंचाहत्तर किलो नऊशे. त्याच्या वर मी तुला टेबलावर घेणार नाही. एकाला वाचवताना दुसऱ्याला आजारी पाडायचं नसतं."

उन्हाळ्यात मी एक्याण्णव होते. साडेअकरा किलो भराभर उतरले, मलाच नवल वाटलं. आता साडेतीन राहिले.

वजन बाबा करतात. पडवीत मासे तोलायचा फळीचा काटा आहे. तीस वर्षं बाबा आमच्या अताया गावाच्या धक्क्यावर तोलणारे होते. लिलावात भांडण झालं की दोन्ही बाजू म्हणायच्या, "मोंजीकाकाच्या काट्यावर घाला, तो सांगेल ते मान्य." धक्क्याचा नियम घरातही चालतो: ज्याचा माल, त्याने काट्याकडे पाठ करायची आणि हात लावायचा नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. बाबा मागे दांडीवरचं वजन सरकवतात आणि आकडा सांगतात. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. आमच्या घरात अक्षरं आली ती माझ्यापासून.

शुक्रवार, २३ जानेवारी

७९.४. तेवढंच.

आठवड्यात काय चुकलं ते मागे जाऊन तपासलं. मंगळवारी सॅलडवर तेल चमच्याने मोजलं नव्हतं, अंदाजाने घातलं होतं. बुधवारी चाललेच नाही, परीक्षेचे पेपर होते. यापुढे तेल मोजूनच. चालणं चार किलोमीटर.

शुक्रवार, ३० जानेवारी

७९.४.

बाबा म्हणाले, "समुद्र पण कधीकधी आठ दिवस हलत नाही, पोरी. देवाने तुझं शरीर असंच बनवलंय. त्याच्याशी किती भांडशील?"

मी म्हटलं, "भांडत नाही बाबा, समजूत घालतेय."

ते हसले. पण काट्यावरून उतरताना मला हात दिला तेव्हा त्यांनी बघितलं दुसरीकडेच.

उम्मी संध्याकाळी माझा स्कर्ट आत घ्यायला बसली. "अगं, कंबरेला सुतळी बांधून शाळेत जातेस! मुलं म्हणतील बाई आहे की जाळ्याचा बोया." मी म्हटलं, कापड धुऊन सैल झालं असेल. उम्मी म्हणाली, "कापड धुऊन आटतं. सैल होतं हे तुझ्या कॉलेजात शिकवलं वाटतं."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज पडवीत जुंपली. उम्मीने दुरुस्तीला काढलेलं जाळं पसरलं तर खालच्या काठाला वजनासाठी ओवलेली शिशं जागोजागी गायब.

"वजदीचे बाबा, ही शिशं कुणी काढली? काठ वर तरंगणार, मासे खालून सलाम करून जाणार."

"मीठ लागलं असेल. मीठ शिसंही खातं."

"चाळीस वर्षं खाल्लं नाही, यंदाच भूक लागली त्याला?"

बाबा काटा पुसत होते. हल्ली दर गुरुवारी ते फळी, दांडी, सगळं पुसून ठेवतात. दुसऱ्या दिवशी मी उभी राहणार म्हणून. काल यंत्रावरून आल्यावर त्यांना जिना चढवला नाही आणि आज माझ्यासाठी गुडघ्यांवर बसून फळीच्या खालूनसुद्धा पुसत होते. मला रडू आलं. आणि मी या माणसासाठी साडेतीन किलो उतरवू शकत नाही.

आज खाल्लं: भाकरी नाही. दोन अंडी, टोमॅटो, दही अर्धी वाटी.

सोमवार, ९ फेब्रुवारी

उम्मीच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले. तिथे बॅटरीचा वजनकाटा आहे. सहज उभी राहिले. ७७.३!

घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. बाबा बोटीवरून आले, त्यांना सांगितलं. ते बाकावर बसले आणि बूट काढत राहिले. मग म्हणाले, "त्या डबीला काय कळतं? बॅटरी उतरली की माणूस बारीक होतो. बॅटरी बदलली की परत जाड. शुक्रवारी बघू."

खरं आहे. दुकान धक्क्याला लागून, दमट हवा, कोण तपासतं तो काटा. आणि दोन आकड्यांपैकी मला जो आवडतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ही तर फसवणुकीची सुरुवात. वर्गात मुलं दोन उत्तरं लिहितात आणि बरोबर असेल ते धरा म्हणतात, तेव्हा मी काय म्हणते? शिवाय इथे चूक झाली तर ती टेबलावर कळेल, बाबांचं पोट उघडल्यावर.

जो कठोर आहे तोच काटा धरायचा. ठरलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

७९.४. तेव्हा बॅटरीच.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

रमजानचा पहिला शुक्रवार. ७९.४.

रोजे मला उपयोगी पडतील असं वाटलं होतं. त्यात मनात पाप आलं: मी उपास देवासाठी धरतेय की काट्यासाठी? इमामसाहेबांच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "पोरी, हेतू एकच असावा असं आहे. पण बापासाठी असेल तर तो हिशोब मी देवावर सोडीन."

रोजा सोडताना सूप आणि तीन खजूर. उम्मीने ब्रीक तळलं होतं, पातळ पारीत अंडं फोडून. मी माझं बाबांच्या ताटात सरकवलं, त्यांनी उम्मीच्या, उम्मीने परत माझ्या. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी ते गार झालं आणि मांजराने खाल्लं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

७९.४.

आज बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. आकडा सांगायला त्यांना फार वेळ लागला. मी भिंतीकडे बघत उभी, मागे वजन पुढे सरकल्याचा, मागे सरकल्याचा आवाज. मग आकडा सांगितला, तोच. मी उतरले तर त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाले, "शाबास."

"शाबास कशाबद्दल? ग्रॅमभर हललं नाही."

"उभी राहिलीस त्याबद्दल."

नमाजानंतर ते घरी आले नाहीत. धक्क्याच्या टोकाला बसलेले सापडले. त्यांना किती निराश करतेय मी.

शुक्रवार, ६ मार्च

७९.४. आठवडाभरात खाल्लं ते मागच्यासारखंच, पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. कुणाला वाटेल मी खोटं लिहिते.

बाबा स्वच्छ बोलले. "सोड आता. दोन महिने झाले. शिक्षण झालं, नोकरी आहे, शेजारच्या हलीमाचा मुलगा विचारतोय. खा, पी, लग्न कर. मी या बोटीवर जातोयच की. बोटीत बसायला मला आवडतं."

"तुम्हाला बोटीत उलट्या होतात, बाबा."

"त्यात पण मजा असते."

उम्मी आतून ओरडली, "हसू नका दोघं! एक यंत्राने वाळतोय, एक उपासाने. मी कुणासाठी चूल पेटवू?"

आता सहरीला, पहाटेच्या खाण्याला, फक्त दही. पाणी. सूप रोजा सोडताना, अर्धी वाटी. चालणं सहा किलोमीटर, सावकाश.

शुक्रवार, २० मार्च

ईद. ७९.४.

सगळ्या गावात शर्मूल्याचा वास. कांदा आणि मनुका दोन दोन दिवस शिजवून केलेला तो गोड रस्सा आणि खारवलेला मासा. बाबांना मीठ बंद, उम्मीला गोड बंद, मला दोन्ही. उम्मीने तरी पातेलंभर केला, कारण ईदला पातेलं रिकामं ठेवलं तर वर्ष रिकामं जातं म्हणे. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो आणि शेजाऱ्यांना वाटून टाकला.

वजदीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "ओमैमा, तुझे गाल कुठे गेले?"

मी फोन उम्मीकडे दिला. आरशात बघितलं. गाल खरंच नाहीत. मग वजन कुठे आहे? माझी हाडंच जड असतील.

बुधवार, २५ मार्च

काल वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पडले. मुलांनी आरडाओरड केली. दवाखान्यात नर्स वसीलाने आधी रक्तदाब बघितला, मग वजन. ७३.६.

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

"काटा गेल्या आठवड्यात तपासून शिक्का मारून गेलेत," ती म्हणाली. "बिघडलीस तू. जेवलीस कधी?"

घरी आले. बाबा झोपले होते. यंत्राचा दिवस होता की नव्हता, मला तेव्हा काही आठवेना. काट्याजवळ गेले. हात लावायचा नसतो. लावला. रिकाम्या फळीवर वजन सरकवत नेलं तेव्हा दांडी पाच किलो आठशेवर स्थिर झाली. फळीच्या खाली जाळ्याच्या दोरीने एक पिशवी बांधलेली. आत शिशं. शंभर शंभर ग्रॅमची, अठ्ठावन्न.

मी ती बाबांच्या पलंगावर ओतली. ते जागेच होते.

ते उठून बसले. मग ते म्हणाले, "तू जेवढी उतरायचीस तेवढी मी चढवायचो. काटा दाखवेल त्याहून वेगळा आकडा तोंडातून निघेना, म्हणून काट्यालाच बांधलं. मला वाटलं कंटाळशील. चार शुक्रवार आकडा हलला नाही की माणूस सोडून देतो. धक्क्यावर मोठमोठे सोडताना पाहिलेत. तू कुणाची पोर आहेस तेच विसरलो."

"कधीपासून?"

"पस्तिसावं बांधलं ते रमजानच्या दुसऱ्या शुक्रवारी. त्या दिवशी तू पोचलीस."

"शाबास म्हणालात तो दिवस."

"हो."

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. तुम्ही तीस वर्षं गावाला खरं तोललंत आणि माझ्या बाबतीत खोटं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक पोर समुद्र ओलांडून गेलं, परत येत नाही. दुसरं कापून मी माझ्या पोटात शिवून घेऊ? मी चौसष्टचा, तू सव्वीसची. माझ्यात ते चालणार किती, दहा वर्षं? आणि पुढे तुला लागलं तर कुणाकडे मागशील? बाप तर तोच घेऊन जमिनीत गेलेला."

उम्मी दारात उभी होती. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती माझ्याकडे बघत त्यांना म्हणाली, "बघ तिच्याकडे. तुला ती वाचवायची होती ना? बघ नीट."

त्यांनी बघितलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "सोमवारी जाऊ," म्हणाले. "डॉक्टरीणबाई म्हणेल ते."

सोमवार, ३० मार्च

बाबा यंत्राला जोडलेले असताना मी डॉ. सिहामकडे. वजन ७४.१. त्यांनी हातात हात घेतला, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि हात सोडला.

"काय केलंस हे? अंगात रक्त नाही तुझ्या. अशीला मी टाकासुद्धा घालणार नाही."

शिरेतून लोह देणार, दोनदा. आणि खायचं. पंधरा एप्रिलला परत तपासणी. मी विचारलं, "रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आले असते तर?"

"तेव्हा कशी होतीस मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. मग कागदांवरून नजर वर करून म्हणाल्या, "बहुतेक घेतलं असतं."

बाबांना शेवटचं वाक्य सांगितलं नाही. लपवलं, ते इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, १० एप्रिल

७४.६. बाबांनीच केलं, पण मी काट्याकडे तोंड करून उभी राहिले. नियम मोडला. त्यांनीच सांगितलं तसं.

आता ते मला वाढतात. स्वतःला चालत नाही ते सगळं: यकृत, मसूर, खजूर, धक्क्यावरून आणलेला ऑक्टोपस जवाच्या रव्यासारख्या कुसकुसावर. समोर बसून बघतात. "अजून एक घास. हा वजदीच्या नावाचा." मी लहान असताना असंच करायचे.

इमामसाहेबांकडे जाऊन आले. खोट्या मापाचं पाप कसं फेडायचं म्हणून. आल्यावर सांगत होते: "तो म्हणाला, मोंजी, मासा विकलास का? म्हटलं नाही. कुणाला कमी दिलंस का? म्हटलं, जास्त दाखवलं. म्हणाला, बाजारात असं पाप करणारा मला अजून भेटला नाही, पुस्तकात बघून सांगतो." उम्मी इतकी हसली की तिला खोकला लागला.

किती दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं.

बुधवार, १५ एप्रिल

तपासणीला रक्त देऊन आले. दोघं एकाच बोटीने गेलो, आलो. येताना बाबांना उलट्या झाल्या नाहीत. वरच्या डेकवर बसले आणि पाण्यात रोवलेल्या झावळ्यांच्या रांगा दाखवत राहिले, हा आमचा मासे अडवायचा कूड, हा अमक्याचा, हा दोघा भावांच्या भांडणातला. म्हणाले, "बरं झालो की यंदाच्या हंगामात मी स्वतः झावळ्या रोवणार. तू पाण्यात उतरायचं नाहीस. एक मूत्रपिंडवाली किनाऱ्यावरून हुकूम सोडेल."

म्हणजे त्यांना ते हवं आहे. आज पहिल्यांदा दिसलं, हवं आहे.

रविवार, १९ एप्रिल

शुक्रवारपासून वारा. काल बोट सुटली नाही. बाबा म्हणाले, एक पाळी चुकली तर काय होतं, आधीही चुकलीय. आज त्यांचे पाय सुजलेत. श्वास घ्यायला उशा दोन लागतात. पाण्याचा घोट मोजून देतोय. उम्मीने त्यांना चालत नाहीत ती संत्री कपाटात कुलूप लावून ठेवलीत.

सकाळपासून तीनदा धक्क्यावर जाऊन आले. लहान बोटही सोडता येत नाही म्हणतात. वारा उतरला की पहिला नंबर त्यांचाच.

गुरुवार, २३ एप्रिल

बाबा सोमवारी दुपारी गेले. वसीला नर्स शेजारी होती, मी पाय चोळत होते. बोट मंगळवारी सकाळी सुटली.

तीन दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही, गावाने जेवण आणलं. धक्क्यावरचे सगळे आले. एक म्हातारा म्हणाला, "तुझ्या बापाने मला एकदाही ग्रॅमभर कमी तोललं नाही." मी मान हलवली.

सत्तावीस फेब्रुवारी ते वीस एप्रिल. बावन्न दिवस. त्यांनी शिशं बांधली, पण औषधांच्या दुकानातला काटा मला खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही, कारण ते ऐकायला मला आवडलं असतं. हे उम्मीला सांगता येत नाही. वजदीला तर नाहीच. तो फोनवर नुसता श्वास घेत असतो.

सोमवार, २७ एप्रिल

शाळा सुरू केली. मधल्या सुटीत फोन आला.

"ओमैमा ना? डॉक्टर सिहामच्या विभागातून बोलतेय. मुबारक हो! तुझे रिपोर्ट आले. रक्त छान वाढलंय, वजनही बसतंय. येत्या सोमवारी, चार तारखेला, वडिलांना घेऊन ये, दोघांना दाखल करून घेऊ. जागा धरून ठेवू ना?"

यंत्र एका ठिकाणी, त्यांचा विभाग दुसरीकडे. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते काम माझं होतं.

मी म्हटलं, "धरा."

"आणि वडील कसे आहेत?"

"बरे आहेत."

"त्यांना सांग, मुलगी पास झाली म्हणावं."

"सांगते."

मुलं पटांगणात ओरडत होती. मी लगेच परत फोन लावून खरं सांगायला हवं होतं. ती जागा आता दुसऱ्या कुणाच्या तरी बापाची आहे, हे मला कळतं. उद्या लावीन. उद्या सकाळी, शाळेआधी, नक्की. आजच्या दिवस स्फाक्समधल्या त्या वहीत बाबांचं नाव लिहिलेलं असू दे, आणि त्याच्यापुढे, सोमवारी येणार.